गावच्या तलावावर मुलांची शिडाची शाळा

गावच्या तलावावर मुलांना शिडाची नाव शिकवणारी शाळा काढायची असेल, तर नाव विकत घ्यायची घाई करू नका, आधी तलाव पाहा. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेले तलाव, फेब्रुवारीनंतर झपाट्याने आटतात. ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची एकट्याने चालवायची नाव, लांबी जेमतेम २.३ मीटर, पण तिची खाली सोडलेली फळी सुमारे ८४ सेंटीमीटर पाण्यात जाते. दीड मीटर खोल, बेशरमाची झुडपं आणि शिंगाड्याचे वेल नसलेला पट्टा शोधा. धरण असेल तर दरवाजे आणि सांडव्यापासून खूप लांब राहा.

मग मच्छीमार सहकारी संस्थेकडे जा. जाळी कुठे, कधी लागतात हे ढिवर बांधवांनाच ठाऊक असतं, आणि फळी जाळ्यात अडकली की नुकसान दोघांचंही. त्यांच्यातलाच एखादा पोहणारा माणूस मानधनावर बचावासाठी घ्या. ही सोबत नसेल तर शाळा चालत नाही, असं आमचं ठाम मत आहे. तलाव ज्याच्या ताब्यात, त्या जलसंपदा विभागाची किंवा जिल्हा परिषदेची लेखी परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव हवाच.

शाळा चालवणाऱ्या संस्थेसाठी किमान सात सभासद लागतात. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी करा, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही. देणगीदारांना करसवलत हवी तर त्यासाठी आयकर खात्याची मान्यता वेगळी मिळवावी लागते.

सुरुवातीला चार नावा, आठ मुलं, एक मोटरबोट पुरे. मूल पाण्यात असताना बोट जवळ नेली की इंजिन बंद. पंख्याने पाय कापले जातात. लाइफ जॅकेट घातलं की दोन्ही खांदे धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदला.

पहिला धडा उलटण्याचा, तोही कमरेएवढ्या पाण्यात. नाव उलटली की शिडाची दोरी आधी सैल सोडायची, नाहीतर उभी होताच शीड वाऱ्याने भरतं आणि ती पुन्हा कलंडते. मग पोहत नावेच्या तळाच्या बाजूला यायचं, फळीला लोंबकळून नाव उभी करायची, आत चढून पाणी उपसायचं. उपसायला तेलाच्या कॅनचा कापलेला तुकडा चालतो, पण दोरीने नावेला बांधलेला. सुटा पहिल्याच वेळी वाहून जातो. नावेतल्या तिन्ही हवापिशव्या दर वेळी दाबून पाहा. एक जरी मऊ लागली तर ती नाव काठावरच ठेवा.

लाटांवर पांढरा फेस दिसला किंवा ढग गडगडले की सगळ्यांना बाहेर काढा. वैशाखातल्या दुपारी तर नकोच. ऊन आणि वावटळ दोन्ही झेपत नाहीत.

शीड वाळवून, गुंडाळून सावलीत ठेवा. धान्याच्या खोलीत मात्र नको, उंदीर कुरतडतात.