शाळेच्या सक्तीवर गावात चर्चा कशी घडवावी

स्वतंत्र समाजात मुलांना शाळेची सक्ती असावी का, हा प्रश्न आमच्या सातारा जिल्ह्यात विचारला की जुनी माणसे आधी चकित होतात, कारण येथे शाळा मिळावी म्हणून पिढ्यांनी कष्ट उपसले आहेत आणि ती नको म्हणण्याचे स्वातंत्र्य कोणाला हवे असेल असे त्यांना वाटत नाही. तरीही हा प्रश्न आता खराखुरा झाला आहे. मुलाला घरीच शिकवू इच्छिणारे सुशिक्षित पालक एकीकडे भेटतात, आणि दुसरीकडे हिवाळ्यात उसाच्या फडावर, शाळेत नाव असूनही शाळेत नसलेली मुले दिसतात. गावच्या वाचनालयात आम्ही काही वर्षे ही चर्चा घेत आलो आहोत. ती कशी घ्यावी आणि कोठे फसते, हे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

चर्चेसाठी ७ नोव्हेंबर हा दिवस निवडावा. १९०० साली याच तारखेला भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्यातील शाळेत दाखल झाले आणि महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तारखेमागे आणखी एक कारण आहे. त्या मुलाला शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. शाळेत दाखल होणे आणि शाळेत मोकळेपणाने असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगण्यासाठी आपल्या जिल्ह्यात याहून जवळचे उदाहरण नाही.

प्रश्नाची मांडणी हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पहिल्या वर्षी आम्ही ‘शाळा सक्तीची असावी की नसावी’ असा विषय फळ्यावर लिहिला आणि अर्ध्या तासात सभा दोन तटांत विभागली गेली. जे बोलले ते आधीच ठरवून आलेले होते आणि जे ठरवून आले नव्हते ते गप्प बसले. दुसऱ्या वर्षी तोच विषय तीन प्रश्नांत फोडला: सक्ती नेमकी कोणावर आहे, ती शिकण्याची आहे की शाळेत बसण्याची, आणि ती कोणत्या वयापर्यंत असावी. हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवल्यावर लोक खरोखर विचार करू लागले. तेव्हापासून आम्ही हाच क्रम सोडलेला नाही.

पहिल्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा. त्यासाठी आठवडाभर आधी अर्ध्या पानाचे टिपण वाटावे आणि त्यात कायद्याचे मोजकेच मुद्दे द्यावेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले; त्याची अंमलबजावणी करणारा २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे आठवे कलम सभेत मोठ्याने वाचावे, कारण ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांची व्याख्याच तेथे दिली आहे: मोफत शिक्षण पुरवणे आणि मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी व शिक्षणाची पूर्तता होईल हे पाहणे, ही सरकारवरील बांधिलकी. पालकांचे कर्तव्य दहाव्या कलमात सांगितले आहे, परंतु ते न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड नाही. हे वाचून दाखवल्यावर आमच्या सभेत बराच वेळ शांतता होती, कारण सक्ती म्हणजे मुलाचा दंड धरून त्याला वर्गात नेऊन बसवणे, असेच आपण सारे समजत आलो होतो.

याला लागूनच इतिहास ठेवावा, पण तो जयंतीच्या भाषणासारखा होऊ देऊ नये. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव जवळीकीने घेतले जाते. त्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी सक्तीचे करण्याची मागणी केली होती. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ती सक्ती अमलात आणली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मात्र पुढच्या वर्षी फेटाळले गेले, आणि विरोधकांत मोठे जमीनदार होते. येथे सभेला विचारावे की त्या काळी सक्ती नको म्हणणारे कोणाचे स्वातंत्र्य जपत होते. उत्तर सभेलाच शोधू द्यावे.

माझे स्वतःचे मत मी सूत्रसंचालक म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवतो, पण येथे ते सांगतो: जी सक्ती आधी मोठ्यांना बांधते आणि मुलाला त्याच्या जन्माच्या परिस्थितीतून बाहेर पडण्याची वाट देते, ती स्वतंत्र समाजाशी सुसंगत आहे; जी केवळ मुलाला बांधते, ती नाही. घटना समितीत १९४८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांनी चौदा वर्षांच्या मर्यादेचे जे कारण दिले, ते मला म्हणूनच मोलाचे वाटते. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा इतर धोक्याच्या कामावर ठेवण्यास घटना मनाई करते. मग त्या वयात मूल कामावर नसेल तर त्याला शिक्षणसंस्थेत ठेवण्याची जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी बाजू हलक्या हाताने मांडू नये. घरी शिकवणाऱ्या एखाद्या पालकाला मुद्दाम बोलवावे आणि त्याला मध्येच कोणी अडवणार नाही याची काळजी घ्यावी. त्याच्या बाजूने बळकट आधार आहेत. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली असे मांडले की मुलाला शिक्षण मिळालेच पाहिजे असा आग्रह राज्याने धरावा, पण सर्व शिक्षण स्वतःच्या हाती घेऊ नये, कारण त्यातून एकाच साच्याची माणसे तयार होतात. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्याने पालकाला ‘शाळेत नियमित पाठवून किंवा अन्य प्रकारे’ शिकवण्याची मुभा दिली, तर जर्मनीत मुलाने प्रत्यक्ष शाळेतच गेले पाहिजे असा दंडक आहे. दोन्ही देश स्वतंत्र म्हणवतात, हे सांगितले की दुसरा प्रश्न आपोआप पुढे येतो. आपल्या कायद्यात घरच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. व्यवहारात अशी मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, किंवा दहावी-बारावीला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून परीक्षा देतात, ही माहिती पालकांना जरूर द्यावी.

मुलांना सभेत बसवावे, आणि मागच्या रांगेत नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळे मत नोंदवून विचारले होते की या मुलांना स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारले का. आमच्याकडे तीन वर्षे कोणीच विचारले नव्हते. चौथ्या वर्षी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आठवी झाली की पुढं जायचं का नाही ते घरात ठरतं. मला कुणी विचारत नाही.’’ आमचा तिसरा प्रश्न, म्हणजे वयाचा, त्या एका वाक्याने सर्वांच्या पुढे उभा राहिला. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल शेजारच्या गावात आणि संध्याकाळची एसटी अनियमित. चौदाव्या वर्षी कायद्याचे बोट सुटते, ते नेमके ज्या वयात मुलीला त्याची गरज असते त्या वयात.

शक्य असेल तर सभेच्या आधी चार-पाच जणांनी ऊसतोड कामगारांच्या तळावर जाऊन यावे. दिवसभराच्या तोडीनंतर संध्याकाळी जावे, मुकादमाला आधी सांगावे, आणि फोटो काढू नयेत. ती माणसे पाहुणी आहेत, प्रदर्शनातली वस्तू नव्हेत. तेथे कोपीजवळ, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ, धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी हमखास दिसते. तिच्या आईबापांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, तेव्हा त्यांना पालकाच्या कर्तव्याचे कलम वाचून दाखवणे क्रूरपणाचे आहे. त्याऐवजी नववे कलम वाचावे, कारण स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याची जबाबदारी ते स्थानिक प्राधिकरणावर टाकते. गावाकडे मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालले, किंवा येथील शाळेने त्यांना हंगामापुरते सामावून घेतले, तरच त्या आईबापांना निवड करण्याचे काही स्वातंत्र्य उरते.

सभेच्या शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये, त्याने कोणाचेही समाधान होत नाही. त्याऐवजी जे एकमताने पटले ते कागदावर लिहावे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. कागदोपत्री समिती असेल तर पहिली मागणी तिची बैठक भरवण्याचीच असू द्यावी. वर्गात मारहाण होत असेल तर सतरावे कलम ती निषिद्ध ठरवते, आणि बत्तिसाव्या कलमाखाली लेखी तक्रार केल्यास स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. मुलाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आला, तर केरळमधील तीन भावंडांचा १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगावा: ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत, शाळेने त्यांना काढले होते आणि न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले.

लिहिलेल्या कागदावर मुलांच्याही सह्या घ्याव्यात. एक प्रत समितीला द्यावी, एक वाचनालयात ठेवावी, आणि पुढच्या ७ नोव्हेंबरला सभेची सुरुवात तीच प्रत वाचून, त्यातले काय झाले आणि काय राहिले हे मुलांना विचारून करावी.