पाण्यातलं युरेनियम आणि कॅन्सरचा आकडा: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

पिण्याच्या पाण्यातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गावर पीएचडी करायची असेल, तर आधी लॅबमध्ये विचारा: इथे फक्त युरेनियम मोजतात की रेडियम (युरेनियमसारखाच नैसर्गिक किरणोत्सर्गी धातू) सुद्धा? फक्त युरेनियम मोजत असतील तर प्रबंधाच्या शीर्षकात 'कॅन्सरची जोखीम' घालू नका. माझं काम पंजाबच्या माळवा पट्ट्यातलं, भटिंड्याच्या आसपासचं. तिथल्या भूजलात युरेनियम आहे, गावागावांत कॅन्सरची धास्तीही आहे, आणि एका गुणाकारात दोन्ही जोडून टाकायची घाई विद्यार्थ्याइतकीच गाइडलाही असते.

गणित स्वतः हाताने करा. सिनियरकडून मिळालेली एक्सेल शीट पहिल्या वर्षी उघडूही नका. तिच्यात कोणी काय गृहीत धरलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

डब्ल्यूएचओची युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम. अशा एका लिटर पाण्यात युरेनियम-238 ची (नैसर्गिक युरेनियमच्या मुख्य समस्थानिकाची) सक्रियता भरते साधारण 0.37 बेकरेल, म्हणजे सेकंदाला सरासरी तितकी अणुविघटनं. रोज दोन लिटर, वर्षाला 730 लिटर पाणी धरलं, तर प्रौढाला वर्षाचा डोस 0.012 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप). युरेनियम-234, म्हणजे दुसरं समस्थानिक, सक्रियतेने तेवढंच धरून दोन्हींचा मिळून 0.025. डब्ल्यूएचओची पाण्यासाठीची डोसची पातळी 0.1 आहे. म्हणजे मर्यादेला टेकलेलं पाणीसुद्धा तिच्या पाव हिश्श्यावरच थांबतं. 30 ची ती मर्यादा मूत्रपिंड डोळ्यांपुढे ठेवून घातलेली आहे. युरेनियम इथे जड धातू म्हणून बाधतं.

आता तेच 0.37 बेकरेल रेडियम-226 चे धरा: 0.076 मिलिसिव्हर्ट. रेडियम-228 चे धरलेत तर 0.19, पातळीच्या जवळजवळ दुप्पट. रेडियम कॅल्शियमसारखं हाडात जाऊन बसतं.

'युरेनियम सापडलं म्हणजे रेडियम तेवढंच असणार, समतोल धरून टाक,' असं तुम्हालाही सांगितलं जाईल. (युरेनियम-238 च्या ऱ्हासातून पुढे रेडियम-226 बनतं; दोघांची सक्रियता सारखी झाली की तो समतोल.) माझे सगळ्यात जास्त महिने याच वाक्याशी झगडण्यात गेले. जुन्या, न ढवळलेल्या खडकात ते चालतं, पाण्यात चालत नाही. ऑक्सिजन आणि बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून वाहतं, रेडियम मागे मातीच्या कणांना चिकटून राहतं. ऑक्सिजन नसलेल्या खारट पाण्यात नेमकं उलट होतं. 234 आणि 238 सुद्धा भूजलात क्वचितच समान असतात, 234 बहुतेकदा जास्त भरतं. फ्लुरिमीटर (युरेनियम मोजायचं यंत्र) फक्त वस्तुमान सांगतो. दोन्ही समस्थानिकं वेगळी मोजायला अल्फा स्पेक्ट्रोमेट्री लागते आणि तिथे नंबर लागायला वेळ जातो. तो जाऊ द्या.

पुढची पायरी याहून वाईट. आयसीआरपीचा (किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा) 2007 चा कॅन्सरच्या जोखमीचा सरासरी गुणक, प्रति सिव्हर्ट साडेपाच टक्के, घ्यायचा, गावाच्या लोकसंख्येने गुणायचं आणि 'इतके रुग्ण' लिहायचं. अशा बारीक डोसांवरून मृत्यू मोजू नका, असं आयसीआरपीनेच त्या शिफारशींत बजावलंय. फिनलंडमध्ये खडकातल्या बोअरचं, भरपूर युरेनियम आणि रेडॉन (रेडियमपासून बनणारा किरणोत्सर्गी वायू) असलेलं पाणी पिणाऱ्यांचा अभ्यास झाला. ल्युकेमिया किंवा पोटाच्या कॅन्सरशी स्पष्ट संबंध दिसला नाही.

हे वाचून खचू नका. 'जोखीम कमी आढळली' हाही पक्का निष्कर्ष आहे, आणि मोजमाप नीट असेल तर व्हायव्हात तो टिकतो.

नमुन्यांचं थोडक्यात: युरेनियम-रेडियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घाला, नाहीतर ते बाटलीच्या भिंतीला चिकटतं. रेडॉनची बाटली वेगळी, एकही बुडबुडा न ठेवता भरलेली, वर वेळ लिहिलेली. रेडॉनचा अर्धायुकाल 3.8 दिवस आहे, सोमवारचा नमुना शुक्रवारी मोजलात तर निम्मा गेलेला असतो.

आणि बाटली भरताना घरातली बाई विचारतेच, 'पाणी प्यायचं की नाही?' तिला बेकरेल सांगू नका. आकडा हाती आला की परत जाऊन सांगा. युरेनियम मर्यादेच्या वर असेल तर मूत्रपिंडाचं सांगा आणि आरओने युरेनियम बरंचसं निघतं हेही सांगा. पेपर छापून येईपर्यंत तिला थांबवू नका.