कपलिंगच्या बोल्टवरून मोटरचा वेग मोजा: हॉल सेन्सर बसवायची रीत

मोटरचा शाफ्ट दुसऱ्या शाफ्टला जोडणारा भाग म्हणजे कपलिंग, आणि चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग म्हणजे हॉल सेन्सर. शाफ्टला चुंबक चिकटवूनही वेग मोजता येतो, पण जास्त वेगात तो सुटून उडू शकतो. त्यापेक्षा चुंबक सेन्सरच्या मागे, स्थिर ठेवा. समोर लोखंडी बोल्ट आला की सेन्सरमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र वाढते आणि आउटपुटचे व्होल्टेज सरकते.

सामान: एसएस४९ई लिनिअर (क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) हॉल सेन्सर, ८ मिमी व्यासाचा ३ मिमी जाड निओडायमियम चुंबक, एलएम३९३ कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), १० किलोओहमचे दोन आणि १ मेगाओहमचा एक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अर्दुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड). ए३१४४ हा हॉल सेन्सर घेऊ नका. तो नुसता स्विच आहे. मागे कायम चुंबक असला की एकाच स्थितीत अडकून बसतो.

१. छापील बाजू तुमच्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून क्रम असा: ५ व्होल्ट, ग्राउंड, आउटपुट. कपॅसिटर पहिल्या दोन पायांमध्ये, सेन्सरला अगदी लागून जोडा.

२. चुंबक नसताना आउटपुट सुमारे २.५ व्होल्ट दिसते. आता मागच्या बाजूला ५ ते ६ मिमी प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यामागे चुंबक धरा. आउटपुट १.५ ते २ व्होल्टमध्ये आले पाहिजे. वर चढले तर चुंबक उलटा करा, कारण ५ व्होल्टवर एलएम३९३ चे इनपुट साधारण ३.५ व्होल्टपर्यंतच नीट चालते. १ व्होल्टच्या आसपास खिळले तर सेन्सर सॅच्युरेट झालाय (मर्यादेला पोहोचलाय), अंतर वाढवा. सगळे काम या पायरीवर ठरते. घाई करू नका. जमले की इपॉक्सीने पक्के करा.

३. मोटरचा मेन स्विच बंद करून सेन्सर बोल्टच्या डोक्यासमोर १ ते १.५ मिमी अंतरावर बसवा. पट्टी अॅल्युमिनियमची हवी. लोखंडी पट्टी क्षेत्र स्वतःकडे ओढते. शाफ्ट हाताने फिरवून मल्टिमीटर पाहा. बोल्ट समोर आल्यावर किमान १०० मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे.

४. सेन्सरचे आउटपुट १० किलोओहममधून कम्पॅरेटरच्या प्लस इनपुटला, प्रीसेटचा मधला पाय मायनसला. १ मेगाओहम कम्पॅरेटरच्या आउटपुटपासून प्लसकडे: यामुळे सुमारे ५० मिलिव्होल्टचा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधला फरक) मिळतो आणि एक बोल्ट दोनदा मोजला जात नाही. दुसरा १० किलोओहम कम्पॅरेटरचे आउटपुट आणि ५ व्होल्टमध्ये. प्रीसेट त्या फरकाच्या मधोमध ठेवा.

५. कम्पॅरेटरचे आउटपुट उनोच्या पिन २ ला द्या आणि इंटरप्ट ‘फॉलिंग’ ठेवा, म्हणजे व्होल्टेज खाली पडताच उनो एक पल्स मोजेल. सेकंदातले पल्स गुणिले ६० भागिले बोल्टची संख्या म्हणजे आरपीएम (मिनिटाला फेरे). चार बोल्टवर ९६ पल्स आले तर १४४० आरपीएम.

मोटर चालू करताच आकडे भरकटले तर सेन्सरची वायर मोटरच्या केबलपासून दूर न्या, शिल्डेड (धातूच्या आवरणाची) वापरा. काही दिवसांनी सिग्नल मंदावला तर टोकावर चिकटलेला लोखंडी चुरा पुसा. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे किंवा पितळेचे असतील तर ही पद्धत चालणार नाही. तिथे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरच (चुंबकाला न चिकटणारा धातूही ओळखणारा) लावा.