गुळाचा रवा केक, ओव्हनशिवाय

कोल्हापुरात घरोघरी गुळाची ढेप असतेच, मग केकसाठी साखर कशाला? 1 वाटी बारीक रवा, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तूप आणि लागेल तसं दूध कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट होतं. तेव्हा आणखी थोडं दूध घाला. गूळ गरम दुधात मात्र विरघळवू नका, दूध फाटतं. पाव चमचा खायचा सोडा अगदी शेवटी! दह्याच्या आंबटपणाने लगेच बुडबुडे सुटतात, ते वाया घालवू नका. लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता. जाड कढई, आत स्टँड ठेवून आणि झाकून, 10 मिनिटं आधीच तापवलेली असू द्या. डबा त्या स्टँडवर ठेवून, पुन्हा झाकून मंद आचेवर 40 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.