दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवणारा चिमटा कसा घडवावा

कोल्हापुरात ओतकाम आणि यंत्रकाम जाणणारे हात भरपूर आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथे वाहनांचे आणि इंजिनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखानदाराला शस्त्रक्रियेच्या उपकरणांकडे वळायचे असेल, तर त्याने ५ मिलिमीटर व्यासाच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या बायपोलर चिमट्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यात विद्युतप्रवाह दोन जबड्यांमध्ये धरलेल्या ऊतीतूनच जातो आणि त्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद होते, आणि त्याची अवघड बाजू मुख्यतः यांत्रिक असल्याने आपल्या हातातील कसब तेथे थेट कामी येते.

आराखडा काढण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहात काय घडते, ते रुग्णालयाच्या आणि सर्जनांच्या परवानगीने पाहून घ्यावे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत अचानक रक्त आले, तर सर्जन बोटाने दाबून धरतात आणि पुढचे ठरवायला उसंत मिळवतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती सोय नसते. साचलेले रक्त प्रकाश शोषून घेते, पडद्यावरचे चित्र अंधारते, आणि लेन्सवर थेंब उडाला तर दुर्बीण बाहेर काढून पुसावी लागते. म्हणून या चिमट्याचे पहिले काम बोटासारखे दाबून धरण्याचे आहे. उष्णता देणे त्यानंतरचे. वाहत्या रक्तवाहिनीला नुसती उष्णता दिली, तर आतील रक्तच ती वाहून नेते. भिंती एकमेकींवर दाबून प्रवाह थांबवला, तरच त्या एकजीव होऊन बंद होतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिने गोठतात आणि १०० अंशांच्या आसपास ऊतीतील पाणी उकळते. त्याहून वर गेल्यास ऊती करपून जबड्याला चिकटतात आणि चिमटा उघडताना नुकतीच बंद झालेली जागा पुन्हा फाटते.

जबड्यांची टोके आधी भिडावीत आणि मूठ आणखी आवळल्यावर मागचा भाग सपाट दाबला जावा, अशा बेताने त्यांना किंचित बाक द्यावा. हे तपासायला पातळ कागदाच्या तीन पट्ट्या पुरतात: एक टोकाशी, एक मध्ये, एक बिजागरीजवळ धरून चिमटा मिटावा आणि प्रत्येक पट्टी हळूच ओढून पाहावी. टोकाची पट्टी सहज निसटली, तर तो जबडा बारीक रक्तवाहिनी धरू शकणार नाही. दाते उथळ ठेवावेत आणि त्यांच्या कडा गोल कराव्यात, कारण धारदार दाते रक्तवाहिनी धरण्याऐवजी चिरतात. जबड्याच्या स्पर्शपृष्ठासाठी चांदीच्या मिश्रधातूचाही विचार करावा. चांदी उष्णता पोलादापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने पसरवते, त्यामुळे एकाच ठिकाणी करपणे आणि चिकटणे कमी होते. चांदीचे बारीक काम म्हटले की हुपरीच्या कारागिरांची आठवण येणारच, आणि त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. मात्र धातू प्रमाणित असावा आणि सांधे जोडण्यासाठी कॅडमियम असलेला डाग (सोल्डर) कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

मुठीतील जोर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब नळीतील दांड्यातून बिजागरीच्या अगदी बारीक पिनेपर्यंत पोहोचतो. घाईच्या क्षणी सर्जन मूठ पूर्ण ताकदीने आवळतात. तो जोर थेट पिनेवर आला, तर ती तुटून तुकडा पोटात पडण्याचा धोका असतो. म्हणून मुठीत स्प्रिंग बसवून ठरावीक मर्यादेपुढचा जोर तिनेच पचवावा. मुठीची रुंदी सहा नंबरचा हातमोजा घालणाऱ्या सर्जनलाही बोटे न ताणता पेलावी आणि आठ नंबरच्या हातालाही अवघडल्यासारखे वाटू नये. या चिमट्याला जबडे मिटलेलेच अडकवून ठेवणारा खटका नसावा, असे मला ठामपणे वाटते, कारण चुकीची ऊती धरली गेली तर ती तत्क्षणी सोडता आली पाहिजे.

दोन्ही जबड्यांकडे जाणारे वाहक एकमेकांपासून आणि बाहेरच्या नळीपासून पूर्णपणे विलग हवेत. पीक नावाचे प्लास्टिक १३४ अंशांच्या वाफेतील निर्जंतुकीकरण वारंवार सोसते, म्हणून ते येथे योग्य ठरते. विलगीकरणाची विद्युत चाचणी नव्या चिमट्याबरोबरच अनेकदा निर्जंतुक केलेल्या चिमट्यावरही करावी, कारण डोळ्यांना न दिसणारी चीरही प्रवाहाला वाट देते.

स्वच्छतेचा विचार आराखड्यातच करावा. नळीत वाळलेले रक्त राहिले तर निर्जंतुकीकरणावर विसंबता येत नाही. म्हणून चिमटा सुटा करता यावा आणि नळीत पाणी सोडायला तोंड असावे.

आपल्याकडे ज्या शेडमध्ये बिडाचे भाग कातले जातात, तेथेच स्टेनलेस स्टीलचे काम करण्याचा मोह होतो. तो टाळावा. बिडाची बारीक धूळ आणि साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुततात, आणि काही निर्जंतुकीकरणांनंतर बिजागरीच्या कडेला तांबूस ठिपके उमटतात. जागा, घासपट्ट्या, ब्रश, शीतक द्रव असे सारे वेगळे ठेवावे आणि शेवटी आम्लाने पॅसिव्हेशन, म्हणजे पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढून गंज रोखणारा थर तयार करण्याचे काम, करून घ्यावे.

चाचणीसाठी खाटकाकडून ताज्या, ओल्या रक्तवाहिन्या आणाव्यात. चिमट्याने एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडाला दाबमापक जोडावा आणि मिठाचे निर्जंतुक पाणी हळूहळू भरत गळतीचा दाब नोंदवावा. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३६०, हा प्रचलित निकष आहे. साधा बायपोलर चिमटा बारीक रक्तवाहिन्यांसाठीच आहे. मोठ्या धमनीसाठी क्लिप किंवा गाठ, अथवा ऊतीचा विद्युतरोध मोजून प्रवाह आवरणारे विशेष यंत्र लागते, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गांचा उत्पादन परवाना राज्याकडून, तर सी आणि डी वर्गांचा केंद्राकडून मिळतो. परवान्यासाठी गुणवत्ता व्यवस्थेचा आणि जोखमींच्या विश्लेषणाचा लेखी पुरावा लागतो, त्यामुळे पहिल्या रेखाचित्रापासून प्रत्येक बदल, त्याची तारीख आणि त्यामागचे कारण नोंदवहीत उतरवावे.