नागपुरात जुनी छोटी गाडी घेताय? या चुका टाळा

माझ्या धाकट्या बहिणीने फेब्रुवारीत जुनी हॅचबॅक घेतली. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, मीटरवर बेचाळीस हजार. दोन महिने गाडी छान चालली. एप्रिलच्या शेवटी मुलांना घेऊन रामटेकला निघाली आणि कन्हानच्या पुलाअलीकडेच तापमानाचा काटा लालमध्ये गेला. भर दुपारी दोन लेकरं रस्त्याच्या कडेला, झाडाच्या तुटपुंज्या सावलीत दीड तास उभी होती. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि दहा मिनिटांत सांगितलं, "ताई, यात थर्मोस्टॅटच नाही ना! कोणीतरी काढून टाकला, अन् पंखा डायरेक्ट करून दिला. हिवाळ्यात हे समजत नाही. उन्हाळा लागला की गाडी स्वतःच सांगते."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या तापमानानुसार रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. रेडिएटरमध्ये कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, थेंब नव्हता, नुसतं बोअरचं पाणी होतं. आपल्याकडचं ते क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं आत गेलं की रेडिएटरच्या बारीक नळ्या पांढऱ्या थराने बुजतात. मग इंजिन तापतं. ते दिसू नये म्हणून आधीच्या कोणीतरी थर्मोस्टॅट काढला आणि चावी फिरवली की पंखा सतत फिरत राहील अशी वायर जोडली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, गेलं होतं. बिल २५,००० च्या वर गेलं.

तेव्हापासून नात्यातलं, ओळखीतलं कोणी जुनी गाडी घेत असेल तर मी सोबत जातो. लोक त्याच त्या चुका करताना दिसतात म्हणून हे लिहितोय.

गरम इंजिन पाहून हो म्हणणे

आपण पोचतो तेव्हा विकणारा गाडी सुरू करून, पुसून दारात उभी ठेवतो. आपल्याला वाटतं, माणूस व्यवस्थित आहे. पण गाडीचे निम्मे आजार पहाटेच्या थंड स्टार्टलाच कळतात. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "भाऊ, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीही नाही, वाफेने हात भाजतो. आत हिरवं, लालसर किंवा निळं, स्वच्छ कूलंट हवं. गढूळ, गंजकट पाणी असेल तर पुढचं सगळं संशयाने पाहा. मग ऑइल भरायचं झाकण काढून त्याची आतली बाजू बघा. तिथे दुधाच्या सायीसारखा फिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरली तरी.

आता चावी फक्त ऑन करा. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग असल्यास तिचा, असे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा मुळात लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. स्टार्ट करा आणि एकाला सायलेन्सरमागे उभं करा. डिसेंबरच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघून विरली तर काळजी नाही. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय, निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय.

गाडी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या सुरू ठेवा. एसी बंद असताना रेडिएटरचा पंखा काही वेळाने आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंदही झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून फिरतच असेल तर आमच्या बहिणीची गाडी आठवा.

एसी हिवाळ्यात तपासणे

या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलंय. इथे एसी चैनीची वस्तू नाही. आणि तरीही लोक जानेवारीत गाडी बघताना बटण दाबतात, गार वारा लागला की पुढे सरकतात. जानेवारीत नुसत्या पंख्याचा वाराही गारच लागतो.

गाडी दुपारी काचा बंद करून अर्धा तास उन्हात उभी करायला लावा. मग आत बसून, जागेवरच, एसी दहा मिनिटं चालवा. एसी लावताच कॉम्प्रेसरचा "टक" असा आवाज यायला हवा आणि इंजिनचा आवाज किंचित बदलायला हवा. चालत्या गाडीत गारवा आणि सिग्नलवर थांबलं की कोमट हवा, असं होत असेल तर बहुतेक कंडेन्सरचा (एसीच्या पुढच्या जाळीचा) पंखा कमजोर आहे किंवा गॅस कमी आहे. पंख्याचा खर्च फार नाही, पण कॉम्प्रेसर गेला असेल तर दोन-अडीच लाखांच्या गाडीला तो परवडत नाही. "फक्त गॅस भरायचा आहे" हे वाक्य ऐकलं तर म्हणा, "मग भरून द्या, मी आठ दिवसांनी येतो." आठ दिवसांत गारवा गेला तर गळती कुठेतरी आहे.

२३ सप्टेंबर २०२३ विसरणे

त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत शिरलं. अंगणात आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या असतील, पण धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आलेल्याही आहेतच. पाण्यात बुडालेली गाडी लगेच त्रास देत नाही. दोन-तीन वर्षांनी वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज चढतो आणि मग आज पॉवर विंडो, उद्या स्टार्टर, असं एकेक सुरू होतं.

ओळखायचं कसं? समोरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेल तिथपर्यंत, बाहेर ओढा. विकणारा सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळलेल्या बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं राहून जातं. त्यावर मातीची आडवी रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारा. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का? नागपूरची हवा कोरडी आहे, इथे राहिलेल्या गाडीच्या आत बोल्ट गंजायचं कारणच नाही. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेत गाळ साचलाय का पाहा. आत खूप जास्त परफ्युम मारलेला असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं बसा, ओलसर कुबट वास त्याखालून वर येतोच.

एक कागदी पुरावाही आहे. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा वाचा. तो दरवर्षी वाढत जातो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. २०२३ च्या त्या पावसानंतरच्या नूतनीकरणात तो एकदम शून्य झाला असेल तर क्लेम कशाचा होता, हे स्पष्ट विचारा.

मीटर वाचणे, गाडी न वाचणे

मीटर मागे करणं अवघड राहिलेलं नाही. चाळीस हजार किलोमीटर म्हणता आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग हाताच्या जागी चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड बसलीय? मग आकडा खोटा आहे. सर्व्हिसच्या पावत्यांवर किलोमीटर छापलेले असतात, त्या तारखेनुसार लावून बघा. टायरवर चार आकडे एका लंबगोलात असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आपल्या उन्हात रबर आतून कडक होतं आणि बारीक भेगा पडतात.

चारी दारांच्या काचांवरचा कंपनीचा छापही जुळवा. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते शोधा. दाराचं रबर थोडं ओढून खाली पाहिलं तर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर दिसतात. ते नसतील, पत्रा खडबडीत असेल, तर मोठा मार लागलेला आहे.

कोणती गाडी?

माझं मत सरळ आहे: जिचा पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळतो ती. ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, आय टेन. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या त्या पैशात जास्त देतात हे खरं, पण एकमेव गाडी म्हणून घेणाऱ्याने टाळाव्यात. इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवायला बेल्ट किंवा चेन असते, आणि बेल्ट ठरावीक काळाने बदलावा लागतो. ७९६ सीसीच्या ऑल्टो ८०० ला टायमिंग बेल्ट आहे, के टेनच्या आणि वॅगन आरच्या एक लिटर के सिरीज इंजिनला चेन. आय टेनमध्ये १.१ ला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. बेल्टवाली घेत असाल तर तो कधी बदलला याची पावती मागा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. बजेट ताणता येत असेल तर जुलै २०१९ नंतर तयार झालेली गाडी बघा. तेव्हापासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याच्या थोडं आधी. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये बहुतेक दोन्ही नसतात.

पुण्या-मुंबईहून सीएनजी गाडी आणण्याआधी इथला दर आणि पंपावरची रांग स्वतः पाहून या. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजीने किलोला शंभरी ओलांडली होती. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची चाचणी मुदतीत झालेली हवी. मुंबई-कोकणात राहिलेली गाडी असेल तर रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघा, खारी हवा तळ खाते.

चौकात एक फेरी मारून परत येणे

किमान अर्धा तास चालवा. शहर सपाट आहे, म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ मुद्दाम घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच संपलाय. रिंग रोडला मोकळ्या पट्ट्यात स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा, एका बाजूला ओढ आहे का बघा. मग एखाद्या वस्तीतले स्पीड ब्रेकर, काचा खाली आणि रेडिओ बंद ठेवून.

कागद "नंतर होतील" म्हणणे

छिंदवाडा, सिवनी, बालाघाट जवळ असल्यामुळे एमपी पासिंगच्या स्वस्त गाड्या इथे खूप दिसतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. तो सगळा खर्च आणि हेलपाटे धरून मग किमतीची तुलना करा.

एमएच-३१, ४० किंवा ४९ असली तरी परिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे पाहा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकीत ई-चलन विकणाऱ्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा, तिच्याशिवाय आरटीओत काम अडतं. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा, नाहीतर अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम फेटाळला जाऊ शकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, प्रीमियम त्या हिशेबाने धरा. नाव चढेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा आणि ते साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून घ्या.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल बदला, रेडिएटर साफ करून त्यात कूलंट भरा आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते मेकॅनिकला उघडून दाखवायला सांगा. यासाठी गाडीच्या किमतीपलीकडे १५ ते २० हजार आधीच बाजूला काढलेले असावेत.