तिबोटी खंड्या बघायला येताय? मागे सरका

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" चालायचं. आता चिपळूणजवळ गावी राहतो, पावसाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवतो आणि "मागे सरका" म्हणत फिरतो. मिरग लागला की फोन सुरू होतात, "काका, ओडीकेएफ आला का? बीळ सापडलं का?" ओडीकेएफ म्हणजे ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर, आपला तिबोटी; आणि बीळ म्हणजे त्याचं घरटं.

पहिली गोष्ट, बीळ विचारू नका, पऱ्या, म्हणजे ओढा, विचारा. तिबोटी चिमणीपेक्षाही लहान, लाल चोचीचा, पिवळ्या पोटाचा. पऱ्याकाठच्या झाडीत सकाळी तासभर गप्प बसलात, तर आधी त्याची बारीक शिट्टी ऐकू येते, मग एक रंगीत रेघ डोळ्यांपुढून जाते. खेकडा, बेडूक पकडताना त्याला बघणं बिळासमोर ठाण मांडण्यापेक्षा कितीतरी मजेचं. पण बीळ मातीच्या दरडीत असतं, कधी अगदी रस्त्याच्या कडेला. त्यामुळे न शोधताही ते समोर येऊ शकतं. तेव्हा काय करायचं?

चोच वाचा. चोचीतल्या पालीचं डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर ती बहुधा पिल्लांसाठी आणलेली. अशी पाल धरून पक्षी फांदीवर मान वरखाली करतोय, उडतोय, फिरून तिथेच बसतोय, पण बिळात शिरत नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. वीस पावलं मागे या. तरी शिरला नाही तर निघा. किती मीटर, असं मला विचारू नका. ते पक्षी ठरवतो, तुमची लेन्स नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका पाहुण्यासाठी मीच बिळासमोर शेवाळलेली काटकी रोवली होती. पक्षी पाल घेऊन आला, काटकीवर बसला, उडाला, परत आला. पाऊण तास हेच. शेवटी पाल त्यानेच गिळली. फोटो मात्र झकास आला! तेव्हापासून चोचीत पाल धरलेल्या तिबोटीचा देखणा फोटो कुणी दाखवला, की मी आधी विचारतो, असा किती वेळ बसला होता?

काटकी रोवायची नाही, तशीच कोयतीही बाहेर काढायची नाही. बिळापुढची नेची फोटोच्या आड येतात, पण मुंगसाच्या आणि सापाच्या नजरेपासून तीच आडोसा देतात. फ्लॅश बंद. मोबाइलवर तिबोटीचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणं बंद. दुसरा नर घुसलाय असं समजून पक्षी पिल्लं सोडून भांडायला धावतो. आधीच मुसळधार पावसात शिकारीला उसंत कमी.

"आम्ही काय शिकार करतोय का, काका?" असं एकाने ऐकवलं होतं. हो, करताय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. हे मला कळलं त्या रात्री ती काटकी आठवून झोप लागली नाही.

पैशांचंही बोलतो. "दोन हजार जास्त देतो, दहाच मिनिटं बिळाजवळ न्या," असं दर हंगामात कुणीतरी म्हणतंच. गावातल्या पोरांना असं आमिष दाखवू नका, त्यांच्यासाठी ती मोठी रक्कम असते. फोटो टाकायचा तर पिल्लं उडून गेल्यावर टाका, जिल्ह्यापलीकडे पत्ता लिहू नका आणि मोबाइलमधलं लोकेशन आधीच बंद ठेवा. फोटोच्या फाइलमध्ये बिळाचा पत्ता लपलेला असतो.

येताना काळी छत्री आणा. भडक पिवळा रेनकोट घातलेल्याला मी गाडीतून उतरू देत नाही. पँट मोज्यात खोचा, जळवा आहेत. आणि पक्षी नाहीच दिसला तर पैसे परत मिळणार नाहीत, कुळथाचं पिठलं मिळेल.